शेतपंपाचं वाचलेलं युनिट कुणाच्या खिशात जातं?

मोटारीवरच्या पाटीवर ५ एचपी लिहिलेलं असतं. विहिरीतून पाणी किती येणार, हे मात्र त्या पाटीवर कुठेच नसतं. एचपीवरून पाण्याचा अंदाज बांधणं म्हणजे म्हशीच्या अंगलटीवरून दुधाचा अंदाज बांधणं. तरी आपल्याकडे खरेदी एचपीवर होते, वीजबिल वर्षानुवर्षं एचपीवर आलं, आणि सरकारी योजनांची पात्रताही एचपीवरच ठरते. शेतीच्या पाण्यासाठी सरकार एवढा पैसा ओततं, तरी पंप मात्र जुनाच का राहतो, हे समजून घ्यायचं तर आधी थोडा हिशेब करावा लागेल. तो अवघड नाही.

१,००० लिटर पाणी ३६७ मीटर उंच चढवायला एक युनिट वीज लागते, तीही वाटेत काहीच वाया गेलं नाही तर. हा निसर्गाचा दर आहे. त्यात कोणतीही कंपनी सूट देऊ शकत नाही. आता एक एकर पाटपाण्यानं भिजवायचं आहे आणि रानात सरासरी ५ सेंटिमीटर पाणी उभं करायचं आहे, असं धरा. म्हणजे सुमारे २ लाख लिटर पाणी लागेल. विहिरीतली पातळी, बांधावरचा चढ आणि पाइपातलं घर्षण मिळून पाणी एकूण ४० मीटर चढवायचं आहे. निसर्गाच्या दरानं याला २२ युनिटं पुरतात.

प्रत्यक्षात २२ युनिटांत हे काम कुणाचंच होत नाही. मोटार, पंप आणि पाइप या सगळ्यांतून निघून पाण्यापर्यंत पोहोचणारा विजेचा वाटा म्हणजे एकूण कार्यक्षमता. आपल्या शिवारांतल्या जुन्या पंपांची ही कार्यक्षमता साधारण २० ते ३० टक्क्यांच्या घरात असते. २५ टक्के धरली तर तेच रान भिजवायला ८८ युनिटं जातात. चांगला, नीट निवडलेला पंप ४५ टक्क्यांपर्यंत सहज जातो. त्याला ४९ युनिटं लागतात. पाणी तेवढंच, रानही तेच, आणि एका भिजवणीत ३९ युनिटांचा फरक.

हाच फरक तासांत पाहू. ५ एचपीची मोटार चालताना सुमारे ५ किलोवॅट वीज खेचते. म्हणजे जुन्या पंपाला एकर भिजवायला साडेसतरा तास लागतात आणि चांगल्याला दहा तासांहून थोडं कमी. महाराष्ट्रात शेतीला थ्री फेज वीज मिळते ती दिवसा ८ तास किंवा रात्री ८ ते १० तास, आलटून पालटून. एका पंपावर दारं धरायला दोन पाळ्या जाऊन तिसरी उजाडते, तर दुसऱ्यावर दुसऱ्या पाळीतच पाणी शेवटच्या वाफ्याला लागतं. युनिटं शेतकऱ्याला दिसत नाहीत. तास दिसतात, रात्रीचे तर फारच.

वीज जाते कुठे

थोडी मोटारीतच उष्णता होऊन जाते. मोटार एकदा जळली की ती तालुक्याच्या गावी रिवाइंडिंगला जाते. कधी मूळ जाडीची तार मिळत नाही, कधी कारागीर जरा जाड तार घालून देतो, कारण गिऱ्हाइकाची मागणीच ती असते: व्होल्टेज पडलं तरी जळायला नको. मोटार टिकते खरी, पण त्याच कामाला जास्त वीज खाऊ लागते. दोन-तीनदा रिवाइंड झालेली मोटार नव्यासारखी राहत नाही, हे मोटार भरणाराही जाणतो आणि भरून घेणाराही. यात शेतकऱ्याचा अडाणीपणा शोधणाऱ्यांनी एकदा भर हंगामात लांबच्या डीपीच्या, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरच्या, शेवटच्या टोकाला जाऊन व्होल्टेज मोजावं. कमी व्होल्टेजवर मोटार जास्त करंट खेचते, तापते आणि जळते. ऐन हंगामात आठवडाभर पाणी थांबलं तर पीक जातं. तिथे कार्यक्षमतेपेक्षा टिकाऊपणा निवडणं हाच शहाणपणा ठरतो.

त्याहून जास्त वीज पंपात जाते, आणि त्याचं कारण बहुतेकदा चुकीची निवड असते. प्रत्येक पंपाला एक ठरावीक उंची आणि एक ठरावीक प्रवाह असा जोडा असतो, त्या जोड्यावर तो सगळ्यात चांगलं काम करतो. ८० मीटर हेडचा, म्हणजे पाणी तेवढं उंच चढवायला बनवलेला, बोअरचा पंप ४० मीटरच्या विहिरीत सोडला तर पाणी जोरात पडतं, बघायला बरं वाटतं, पण मोटार भलत्याच जागी झुंजत असते. उलट, दहा वर्षांपूर्वी पाणी ज्या पातळीवर होतं त्या हिशेबानं घेतलेला पंप आज पातळी खाली गेल्यावर जेमतेम पाणी ओढतो. दुकानदार विचारतो, किती एचपी? हेड किती आणि पाणी किती पाहिजे, हे विचारणारे दुकानदार कमी, आणि सांगू शकणारी गिऱ्हाइकंही कमीच.

उरलेली वीज पाइपात आणि पाण्यात बुडालेल्या त्याच्या तोंडाशी बसवलेल्या फूटव्हॉल्व्हमध्ये जाते. फूटव्हॉल्व्हची जाळी अरुंद असेल, पाइप बारीक असेल, वाटेत उगाच काटकोनी बेंड टाकले असतील, तर पाणी चढवण्याआधीच मोटार दमते. पाइप अडीच इंचांऐवजी तीन इंची घातला तर तेवढ्याच पाण्याला होणारं घर्षण निम्म्याहून कमी होतं. या दुरुस्तीला ना योजना लागते, ना अर्ज. शेतपंप सुधारण्याच्या सगळ्या वाटांत ही सर्वांत स्वस्त आहे. म्हणूनच कदाचित तिच्या उद्घाटनाला कुणी येत नाही.

कपॅसिटरबद्दल एक गैरसमज आहे, तो इथेच काढून टाकू. मोटारीला कपॅसिटर लावला म्हणजे पंपाची कार्यक्षमता वाढली असं होत नाही. त्यानं तारांतला आणि डीपीवरचा करंट कमी होतो, व्होल्टेज सुधारतं. फायदा खरा आहे, पण तो सगळ्या डीपीचा आहे. डीपीवरच्या वीसजणांपैकी दोघांनीच लावला तर फारसं काही बदलत नाही, सगळ्यांनी लावला तर सगळ्यांच्याच मोटारी वाचतात. लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणाऱ्या ऑटो स्विचचंही तसंच. तो प्रत्येकाच्या सोयीचा असतो, पण फीडर, म्हणजे उपकेंद्रातून येणारी वीजवाहिनी, चालू होताच सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि डीपी बसतो.

ताऱ्यांची पट्टी

फ्रिज आणि एसीवरचे तारे आपल्या परिचयाचे आहेत. तसेच तारे शेतपंपांवरही असतात. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा, आणि त्याखाली २००२ मध्ये ‘ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी’ ही केंद्राची संस्था उभी राहिली. तिला थोडक्यात बीईई म्हणतात. बीईईची पंपासाठीची मोजणी सरळ आहे. त्या प्रकारच्या आणि आकाराच्या पंपासाठी भारतीय मानकानं जी कार्यक्षमता ठरवली आहे ती गाठली की एक तारा मिळतो. मानकाच्या १.०५ पट असेल तर दोन, १.१० पट असेल तर तीन, १.१५ पटीला चार आणि १.२० पट किंवा त्याहून जास्त असेल तर पाच. म्हणजे पाच तारे याचा अर्थ वीज निम्मी झाली असा नाही, तर मानकापेक्षा किमान २० टक्के जास्त कार्यक्षमता असा आहे. मात्र जो जुना पंप काढून हा बसवायचा तो मानकाच्या कितीतरी खाली असतो, म्हणून प्रत्यक्षातली बचत त्याहून मोठी होते.

एक अट मात्र लक्षात ठेवायची. तारे मिळतात ते पंप त्याच्या योग्य हेडवर चालला तर. चुकीच्या विहिरीत सोडलेला पाचताऱ्यांचा पंप नीट निवडलेल्या दोन ताऱ्यांच्या पंपापेक्षा वाईट निघू शकतो.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. असा पंप थोडा महाग असतो. शेतकऱ्यानं ते जादा पैसे का घालावेत?

मोफत विजेचा हिशेब

घरी एलईडी बल्ब लावला की बिल आपलं कमी होतं. म्हणून उजाला योजनेतले बल्ब लोकांनी रांग लावून घेतले. शेतपंपाचं तसं नाही. सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रात शेतीला मीटरऐवजी एचपीवर आकारणी सुरू झाली. ५ एचपीचं बिल ५ एचपीचं, मग महिनाभर पंप चालवा नाहीतर बंद ठेवा. वीज मंडळाला लाखो मीटर वाचायचे कष्ट वाचले, शेतकऱ्याला हिशेब सोपा झाला, आणि युनिट वाचवण्याचं कारण संपलं. उलट पाटीवर कमी एचपी आणि आत मोठी मोटार ठेवण्याचं कारण मात्र जन्माला आलं. पुढे मीटर आले, तरी लाखो जोडण्या बिनमीटरच्या राहिल्याच.

जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारनं मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आणली. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षं सरकार महावितरणला देणार. राज्यात तेव्हा ४७ लाखांहून अधिक कृषीपंप ग्राहक होते, त्यांतले ४४ लाख या योजनेत बसतात. वर्षाचा खर्च १४,७६० कोटी रुपये. ग्राहकसंख्येत शेतीचा वाटा १६ टक्के आणि वीजविक्रीत ३० टक्के, असे सरकारी निर्णयातलेच आकडे आहेत.

मोफत वीज बरी की वाईट हा वाद मी इथे उकरत नाही. शेतमालाच्या भावाची अवस्था पाहता बिल माफ होणं ही अनेक घरांना खरीखुरी मदत आहे. पण पंपाच्या बाजूनं पाहिलं तर चित्र असं दिसतं. आपल्या उदाहरणातली ३९ युनिटं वाचली तर शेतकऱ्याचा एक रुपयाही वाचत नाही. वाचतो तो सरकारचा, महावितरणचा, आणि ज्या उद्योगांच्या नि दुकानांच्या वीजदरात शेतीच्या सवलतीचा काही भार घातलेला असतो त्यांचा. जादा पैसे घालायचे एकानं आणि बचत मिळवायची तिसऱ्यानं, असा हा व्यवहार आहे. तो शेतकऱ्यानं आपणहून करावा अशी अपेक्षा ठेवणं चुकीचं आहे.

मग ज्याची बचत होते त्यानंच पंप बदलून द्यावा. हा विचार महाराष्ट्रात करून पाहिला गेला.

मंगळवेढ्याचा प्रयोग

अकराव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात बीईईनं शेतीतली विजेची मागणी आवरण्याचा कार्यक्रम आखला. त्याचा पहिला पथदर्शी प्रकल्प सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा उपविभागात झाला. तिथे २,२०० च्या आसपास जुने पंप काढून त्याजागी स्टार लेबलचे नवे पंप बसवले गेले. शेतकऱ्याला पंप फुकट, आणि काही वर्षांची देखभालही. पैसा आधी दुसऱ्या कुणीतरी घालायचा, वीज वितरण कंपनीची जी वीज वाचेल तिच्या किमतीतून तो वर्षावर्षानं वसूल करायचा, अशी कल्पना. पुढे याच पद्धतीनं काम करण्यासाठी ‘ईईएसएल’ ही सरकारी कंपनी पुढे आली. एनटीपीसी, पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, आरईसी आणि पॉवरग्रिड या चार सार्वजनिक कंपन्यांनी मिळून ती २००९ मध्ये काढली. उजालाचे बल्ब वाटणारी कंपनी हीच.

कागदावर ही पद्धत निर्दोष दिसते. शेतकऱ्याला खर्च नाही, सरकारचं अनुदान घटतं, पैसा घालणाऱ्याला परतावा मिळतो. तरीही बल्ब देशभर कोट्यवधींनी पोहोचले आणि पंप त्या प्रमाणात पोहोचले नाहीत. कारणं रानात शोधावी लागतात.

एक तर वाचलेली वीज मोजायची कशी? बल्ब ६० वॅटचा होता, तो ९ वॅटचा झाला, प्रश्न मिटला. पंपाचं तसं होत नाही. आधीचं मोजमाप पंपागणिक घ्यावं लागतं: पाणी किती, पातळी किती, वीज किती. पुढच्या वर्षी पाऊस कमी झाला, पातळी खाली गेली, की तोच पंप जास्त वीज घेतो. मग बचत कमी झाली ती पंपामुळे की पावसामुळे, यावर दोन कंपन्यांत वाद. त्यात मीटर बंद, नाहीतर मीटरच नाही.

दुसरा पेच जास्त गमतीचा आहे. वीज मिळते ती तासांच्या हिशेबानं. जुना ५ एचपीचा पंप काढून नवा, कार्यक्षम, पण ५ एचपीचाच बसवला तर आठ तासांत वीज तेवढीच जाते. फरक एवढाच की पाणी पावणेदोन पट येतं. शेतकरी खूश, कारण त्याच्या मनात बचत नव्हतीच, पाणी होतं. वीज मात्र एक युनिटही वाचली नाही, उलट विहिरीचा तळ लवकर दिसला. वीज खरोखर वाचवायची तर ५ च्या जागी ३ एचपीचा कार्यक्षम पंप बसवावा लागतो, जो आधीइतकंच पाणी देईल. आणि ‘माझी मोटार लहान केली’ हे कोणत्याही गावात ऐकून घ्यायला कुणी तयार नसतो. पाणी मोजून दाखवलं तरी पाटीवरचा आकडा खुपतो. पंप बदलणाऱ्या योजनांची खरी परीक्षा तांत्रिक नसते, ती या एका वाक्याशी असते.

सौर पंप: इथे कार्यक्षमता लपत नाही

फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पीएम-कुसुम योजना मंजूर केली. तिचे तीन भाग आहेत. एका भागात पडीक किंवा कमी कसाच्या जमिनीवर छोटी सौर केंद्रं, दुसऱ्यात विजेच्या तारेशी संबंध नसलेले सौर पंप, तिसऱ्यात आधीपासून जोडणी असलेले पंप किंवा त्यांचे सगळे फीडर सौर ऊर्जेवर आणणं. महाराष्ट्रात दुसऱ्या भागाला राज्याची जोड देऊन २०२४ मध्ये ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना सुरू झाली. किमतीच्या १० टक्के वाटा शेतकऱ्याचा, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५ टक्के. केंद्राचं अनुदान ३० टक्के, उरलेला भार राज्य उचलतं. पाच वर्षं दुरुस्तीची हमी आणि विमा.

क्षमता ठरते सातबारावरच्या जमिनीवरून. अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, अडीच ते पाच एकर ५ एचपी, पाच एकरांच्या वर साडेसात एचपी. पात्रतेपेक्षा लहान पंप मागितला तर तोही मिळतो, मोठा मिळत नाही. विहीर, बोअर, शेततळं असा पाण्याचा खात्रीचा स्रोत असावा लागतो.

इथे चित्र पालटतं. तारेच्या विजेत मोटार हवी तेवढी वीज खेचते. पॅनेलचा पुरवठा मात्र ठरलेला. ३ एचपीच्या पंपाला साधारण ३,००० वॅटचं पॅनेल येतं. चांगल्या उन्हाच्या दिवशी त्यातून वजावट जाता १२ युनिटांच्या आसपास वीज मिळते असं ढोबळपणे धरू. म्हणजे पंपानं वाया घालवलेलं प्रत्येक युनिट थेट पाण्यातून वजा होतं, आणि ते शेतकऱ्याला त्याच संध्याकाळी दिसतं. बचतीचा धनी आणि पंपाचा धनी इथे एकच माणूस असतो. त्यामुळेच सौर पंपांत निवडीची चूक जास्त महागात जाते.

अर्धी वीज पाण्यापर्यंत पोहोचते असं मानलं, तर ३० मीटर हेडवर हा पंप दिवसाला ७० हजार लिटरच्या घरात पाणी देईल. तोच पंप ७० मीटर खोल पाण्यावर जेमतेम ३० हजार. ठिबकवर उन्हाळी पिकाला दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर एकराला १६ ते २० हजार लिटर. म्हणजे उथळ विहीर असलेल्याचं या ३ एचपीवर अडीच एकर आरामात निघतं. खोल बोअर असलेल्याचं दीड एकराच्या पुढे ओढगस्त सुरू होते. योजनेच्या तक्त्यात दोघांची पात्रता एकच, कारण तक्ता जमीन पाहतो, खोली पाहत नाही. ‘सौर पंप चालत नाही’ अशा तक्रारींतला मोठा भाग पॅनेलच्या दोषाचा नसून या गणिताचा असावा असं मला वाटतं. पाटपाणी देणाऱ्याची निराशा तर ठरलेलीच: सौर पंप सकाळी हळू उठतो, दुपारी जोर धरतो, संध्याकाळी मंदावतो. या बारीक, दिवसभर चालणाऱ्या धारेचं ठिबकशी किंवा शेततळ्याशी जमतं, लांबलचक पाटाशी जमत नाही. पाणी निम्मं पाटातच मुरतं.

म्हणून सौर पंपाचा अर्ज भरायच्या आधी ठिबकचं पाहावं. ठिबक आणि तुषारसाठी केंद्राचं अनुदान अल्प व अत्यल्प भूधारकांना ५५ टक्के, इतरांना ४५ टक्के आहे. त्यावर राज्यानं मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून भर घालून ते ८० आणि ७५ टक्क्यांवर नेलं. ठिबकला दाब लागतो, म्हणजे हेड थोडं वाढतं, पण उचलायचं पाणीच इतकं घटतं की हिशेब तरीही फायद्यात राहतो. पंपाची कार्यक्षमता कितीही सुधारली तरी न उचललेल्या पाण्याची बरोबरी ती करू शकत नाही.

एक खोच मात्र सौर पंपालाही आहे. पॅनेल एकदा बसलं की पुढचं पाणी फुकट. भूजल आधीच खोल गेलेल्या भागात हे धोक्याचं आहे. कुसुमच्या नियमांत म्हणूनच अशा क्षेत्रांत नव्या सौर पंपांना आडकाठी आहे. तिथे जुना डिझेल पंप काढून सौर बसवता येतो, तोही सूक्ष्म सिंचन असेल तर.

फीडरच सौर केला तर

तिसरा मार्ग पंपाला हातच लावत नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीच्या उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट शेतीच्या फीडरला सोडायची. पहिला प्रकल्प राळेगणसिद्धीला झाला. २०२३ मध्ये योजनेची दुसरी आवृत्ती आली, उद्दिष्ट १६,००० मेगावॉटपर्यंत वाढलं. जमीन भाड्यानं देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा. ३ मेगावॉटचा, त्यावर १,७५३ शेतकऱ्यांचे पंप.

शेतकऱ्याच्या दृष्टीनं यातली मोठी गोष्ट म्हणजे दिवसाची वीज. रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या धास्तीत पाणी धरावं लागत नाही. सरकारच्या दृष्टीनं मोठी गोष्ट म्हणजे दर. शेतीला वीज पोहोचवायला युनिटमागे आठेक रुपये पडतात आणि सौर वीज तीनेक रुपयांना मिळते, असं राज्यकर्ते सांगत आले आहेत. अनुदानाचा बोजा कमी करायचा हा मार्ग पंप बदलण्यापेक्षा कितीतरी सोपा आहे, कारण लाखो विहिरींवर जावं लागत नाही. मात्र फीडरवरचा २५ टक्क्यांचा पंप २५ टक्क्यांचाच राहतो. स्वस्त विजेवर तो चालतो, एवढंच. पंप सुधारून मागणी कमी केली असती तर प्रकल्पही लहान पुरला असता आणि जमीनही कमी लागली असती. कागदावर ही दोन कामं एकमेकांना पूरक आहेत, पण ती जोडून कुणी करत नाही.

वाचलेल्या युनिटाला भाव

शेतकऱ्याला बचतीचा वाटा दिला तर काय होतं, याचे दोन प्रयोग इतर राज्यांत झालेत. पंजाबात शेतीची वीज मोफत आहे. तिथे २०१८ मध्ये ‘पानी बचाओ, पैसे कमाओ’ योजना काही फीडरवर सुरू झाली. मोफत वीज कायम ठेवून प्रत्येक पंपाला युनिटांचा एक कोटा ठरवून दिला, आणि त्याहून कमी वापरलेल्या प्रत्येक युनिटामागे ४ रुपये शेतकऱ्याच्या खात्यात. जास्त वापरलं तर दंड नाही. दुसरा प्रयोग गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावचा. २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली आणि पाणी देऊन उरलेली वीज ४.६३ रुपये युनिटनं वीज कंपनीला विकायचा करार केला. पंप बंद असतानाही पॅनेल कमावतं म्हटल्यावर उगाच पंप चालवायला हात धजावत नाही.

दोन्ही ठिकाणी मीटर हवाच. आपल्याकडे मीटर म्हटलं की ‘आता बिल येणार’ ही भीती उभी राहते, आणि मागच्या अनुभवांवरून ती अगदीच निराधारही नाही. पण बळीराजा योजना बिल भरतेच आहे, तर त्याच पैशातून कोटा ठरवून उरलेल्या युनिटांचे रुपये शेतकऱ्याला देणं, हे निदान काही तालुक्यांत करून पाहायला हरकत नसावी. तसं झालं तर पाचताऱ्यांचा पंप, तीन इंची पाइप, नवा फूटव्हॉल्व्ह यांच्या मागे कुणाला लागावं लागणार नाही.

तोवर आपला पंप कुठे उभा आहे, हे पाहायला एक दोनशे लिटरचा ड्रम पुरतो. पंप अर्धा तास चालू द्या, म्हणजे पातळी स्थिर होईल. मग पाइपाखाली ड्रम धरून घड्याळ लावा. समजा भरायला एक मिनिट लागलं, म्हणजे तासाला १२ हजार लिटर. पंप चालू असताना पाणी जमिनीपासून किती खोल आहे ते दोरीनं मोजा, त्यात पाइप जमिनीवर जेवढा चढतो ते मिळवा, घर्षणासाठी दहावा हिस्सा धरा. हे ४० मीटर आलं, तर १२ गुणिले ४० भागिले ३६७, म्हणजे १.३ किलोवॅटचं काम पाण्यावर झालं. मीटर चालू असेल तर त्याच वेळात युनिटं किती पडली ते पाहा, नसेल तर वायरमनकडून क्लॅम्प मीटर लावून घ्या. ५ किलोवॅट जात असतील तर पंप २६ टक्क्यांवर आहे. ४० मीटर आणि १२ हजार लिटर हे दोन आकडे एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. नवा पंप घेताना, किंवा सौर योजनेत पुरवठादार निवडायची वेळ येईल तेव्हा, एचपी सांगायच्या आधी ती चिठ्ठी पुढे करा आणि या दोन आकड्यांवर चालणारा पंप कोणता, हे त्याच्या तक्त्यात बोट ठेवून दाखवायला सांगा.